पॅकेज जाहीर होतं, मग लेथवर काम का येत नाही?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वडिलांमागे मशीन शॉप चालवणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. मंदी आली की सरकार लाखो कोटींचं पॅकेज जाहीर करतं, रिझर्व्ह बँक व्याजदर उतरवते, पेपरात रकानेच्या रकाने छापून येतात. पण आमच्या शेडमध्ये काहीच बदलत नाही. हा पैसा जातो कुठे? त्यापेक्षा सरकार सरळ लोकांच्या हातात पैसे का देत नाही? आणि पुढच्या वेळी पॅकेजमधलं कर्ज मिळालं तर घ्यावं का?

मी बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या बँक शाखांत बत्तीस वर्षं कर्ज विभागात काढली. २००८ ची मंदी, २०१९ ची वाहन उद्योगातली घसरण, २०२० चं लॉकडाऊन, तिन्ही वेळा मी टेबलाच्या आतल्या बाजूला होतो. आता लहान कारखान्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि स्टॉक स्टेटमेंट (शेडमधला माल आणि येणं यांचा बँकेला द्यायचा हिशोब) करून देतो. त्यामुळे उत्तर पुस्तकातलं कमी आणि खात्यांमधलं जास्त आहे.

पैसा सुटतो, हे खरं आहे. पण प्रत्येक उपायाचा पाट वेगळा असतो. हिडकल धरणातून पाणी सुटलं म्हणून ते सगळ्यांच्या रानात जात नाही. ज्याचं रान कालव्याखाली आहे त्याला मिळतं, आणि टेलच्या शेतकऱ्याला तेही शेवटी. तुमचं शेड कुठल्या पाटाखाली येतं हे कळल्याशिवाय पॅकेजचा आकडा तुमच्या काही उपयोगाचा नाही.

आधी मंदीत बिघडतं काय ते बघू. ट्रक खपेनासे झाले की कंपनी शेड्यूल कमी करते. फौंड्रीची भट्टी आठवड्यात सहा दिवस लागायची ती तीन दिवस लागते. मोल्डिंग आणि फेटलिंगवाल्यांची हजेरी निम्म्यावर येते. ते घरी जाताना खडेबाजारात थांबत नाहीत. दुकानदार शहापूर-वडगावच्या मागवाल्याला सांगतो, साड्या एवढ्यात पाठवू नका. मागवाला पोरासाठी घ्यायची मोटरसायकल दिवाळीवरून पाडव्यावर ढकलतो, आणि गाड्यांचं शेड्यूल आणखी खाली येतं. यात कुणीच मूर्खपणा केलेला नाही. हातात पैसा नसताना खर्च आवरायचाच असतो. पण सगळ्यांनी एकदम हात आखडला की सगळ्यांचीच कमाई घटते, कारण एकाचा खर्च हीच दुसऱ्याची कमाई. १९३० च्या महामंदीत केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने हेच मांडलं. अशा वेळी उत्पन्न घटलेलं असतानाही खर्च वाढवू शकेल असं एकच घर असतं, ते म्हणजे सरकार. 'आधी अंथरूण बघा मग पाय पसरा' हा आपल्या घराला लागू असलेला नियम मंदीत सरकारने पाळला, तर मंदी वाढते.

आपल्या देशातल्या जुन्या मंद्या वेगळ्या होत्या. १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० या वर्षांत देशाचं एकूण उत्पन्न घटलं ते मुख्यतः पाऊस गेला म्हणून. पीकच नसेल तर व्याजदर उतरवून ज्वारी उगवत नाही. ७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने जे केलं ते मला आजही सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांच्या पुढाकारातून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम, कामाला रोख मजुरी, आणि त्या मजुरीतून पाझर तलाव आणि रस्ते. पैसा उभा करायला नोकरदार आणि व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. म्हणजे ज्याचा पगार चालू आहे त्याच्याकडून घेऊन ज्याची चूल बंद आहे त्याला दिलं, आणि फुकट न देता बदल्यात गावाला पाणी मिळवून दिलं. पुढे केंद्राने २००५ मध्ये केलेल्या रोजगार हमीच्या कायद्यामागे हाच अनुभव होता. आपल्याकडे त्याला कन्नडमधून आलेलं नाव रूढ झालं, उद्योग खात्री.

आता तुमच्या शेडकडे येतो. मंदीत सगळ्यात आधी हलतो तो व्याजदर, कारण त्याला संसद लागत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ९ टक्क्यांवरून ४.७५ वर आणला. पण त्या वेळी जुन्या कर्जांचे व्याजदर बँका आपल्या मर्जीने ठरवत. ठेवींवरचं व्याज लगेच उतरलं, कर्जावरचं महिनोन्‌महिने उतरलं नाही. ग्राहक काउंटरवर येऊन विचारायचे, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नसायचं. ऑक्टोबर २०१९ पासून नियम बदलला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची नवी बदलत्या व्याजाची कर्जं बँकांना रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधावी लागतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. हा पाट बऱ्यापैकी सुधारला.

पण इथे आपल्या भागाची एक मोठी अडचण आहे. गल्लीगल्लीत सौहार्द सोसायट्या (कर्नाटकातल्या सहकारी संस्था) आणि पतसंस्था आहेत, आणि लहान कारखानदाराचं निम्मं कर्ज तिथलं असतं. कारण तिथे संचालक ओळखीचे असतात आणि काम दोन दिवसांत होतं. त्या संस्था सभासदांच्या ठेवींवर चालतात. निवृत्त शिक्षकाला, विधवा बाईला कबूल केलेलं व्याज त्यांना द्यायचंच असतं, त्यामुळे रेपो उतरला तरी त्यांना कर्जाचा दर उतरवता येत नाही. मुंबईत गव्हर्नरांनी पाव टक्का कमी केला की टीव्हीवर जल्लोष होतो. सौहार्दच्या १४ टक्क्यांच्या कर्जाला त्याचा स्पर्शही होत नाही.

आणि दर उतरला तरी खरं दुखणं दुसरीकडेच असतं, ते जरा आकड्यांत बघा. समजा तुमची सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कॅश क्रेडिट कर्जाची, लिमिट ४० लाखांची आहे. चांगल्या दिवसांत शेडमध्ये २० लाखांचा माल असतो. २५ टक्के मार्जिन सोडून बँक त्यावर १५ लाख धरते. पार्ट्यांकडून येणं ३४ लाख, सगळं ९० दिवसांच्या आतलं. त्यावर साडेपंचवीस लाख. मिळून ४० लाख ५० हजारांची ड्रॉइंग पॉवर (माल आणि येण्यावर बँक उचलू देते ती रक्कम), म्हणजे पूर्ण लिमिट वापरता येते. मंदी आली. पार्टी ६० दिवसांऐवजी १५० दिवसांनी पेमेंट करायला लागली. येण्यातले २० लाख ९० दिवसांच्या पलीकडे गेले, आणि बँकेच्या हिशोबातून ते पुसले गेले. उरलेल्या १४ लाखांवर साडेदहा लाख. तयार माल उचलला न गेल्याने स्टॉक २४ लाख झाला, त्यावर १८ लाख. ड्रॉइंग पॉवर आली साडेअठ्ठावीस लाखांवर. तुम्ही आधीच ३८ लाख उचललेले आहेत. एका स्टॉक स्टेटमेंटने खातं साडेनऊ लाखांनी जादा उचल दाखवू लागतं, चेक परत जातात, आणि तसंच ९० दिवस राहिलं तर खातं थकीत. रेपो पूर्ण एक टक्क्याने उतरला तर याच खात्यावर वर्षाला वाचतात जेमतेम ४० हजार. एका हाताने ४० हजारांची सवलत, दुसऱ्या हाताने साडेअकरा लाखांचं खेळतं भांडवल गायब. 'व्याज कमी होऊन काही फरक पडत नाही' असं तुम्हाला वाटतं ते यामुळे.

मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने हे ओळखलं होतं. मार्जिन कमी करून ड्रॉइंग पॉवर पुन्हा मोजायची मुभा २७ मार्चच्या घोषणेतच होती. माझ्या मते त्या दिवशीचा लहान उद्योगांसाठी सगळ्यात मोलाचा निर्णय तो होता. पण पेपरात मथळे झाले रेपोचे आणि हप्ते पुढे ढकलण्याचे. मी ज्या बँकेत होतो तिथे या मुभेचं परिपत्रक शाखेत आलं, फाईलला लागलं, आणि ज्याने स्वतः अर्ज केला त्यालाच मिळालं. मी ओळखीच्या पंधरा-वीस जणांना फोन करून अर्ज द्यायला लावले. उरलेल्यांपर्यंत पोचलो नाही, याची खंत आजही आहे.

दुसरा पाट करसवलतीचा. डिसेंबर २००८ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क सरसकट ४ टक्के अंकांनी कमी केलं. पण दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या लघुउद्योगांना शुल्क मुळातच माफ होतं, म्हणजे त्यांच्या हाती थेट काही आलं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा प्राप्तिकर ३० वरून २२ टक्के केला. सरकारने त्यासाठी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडलं. त्या वेळी उद्यमबाग आणि मच्छे भागात ऑर्डरी आटल्या होत्या. पण ही सवलत कंपन्यांना होती. इथले बहुतेक कारखाने प्रोप्रायटरी नाही तर भागीदारी, आणि भागीदारी फर्मचा दर ३० टक्केच राहिला. शिवाय कर नफ्यावर असतो. ज्याला नफाच नाही त्याला कर कमी करून काय मिळणार? मोठ्या कंपन्यांनी वाचलेल्या पैशातून जुनी कर्जं फेडली, नवी यंत्रं फारशी घेतली नाहीत. त्यात त्यांची चूक म्हणवत नाही. माल खपत नसताना नवं शेड कोण बांधेल? पण मंदीवरचा उपाय म्हणून तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. त्यापेक्षा सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे १२ आणि २८ चे टप्पे काढले, ट्रॅक्टर ५ टक्क्यांवर आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी १८ टक्क्यांवर आणल्या, ही वाट तुमच्या लेथच्या जास्त जवळची आहे. गाडी स्वस्त झाली की ती विकली जाते, आणि विकली गेली की तिच्यातला पार्ट कुणाला तरी करावा लागतो.

ऑर्डर आणणारा पाट मात्र खर्चाचाच. २००९ च्या सुरुवातीला दोन निर्णय झाले ते फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. जानेवारी ते मार्चमध्ये घेतलेल्या व्यापारी वाहनांवर ५० टक्के घसारा (गाडीची झीज खर्च म्हणून दाखवून कर वाचवणं) धरायची मुभा दिली, आणि शहरांना बस घ्यायला केंद्राने पैसे दिले. ट्रक आणि बसच्या ऑर्डरी निघाल्या. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका फौंड्रीवाल्याचं स्टॉक स्टेटमेंट माझ्या टेबलावर आलं होतं. सहा महिने ज्या पार्टीच्या नावापुढे जुनंच येणं पुढे ओढलेलं असायचं, तिथे पहिल्यांदा नवं बिल होतं, ताज्या तारखेचं. त्याने तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, हे बघा, चालू महिन्याचं हाय." व्याज उतरल्यावर तो माणूस कधी माझ्याकडे असा आला नव्हता.

ज्यांच्याकडे ना कर्ज ना जीएसटी नंबर, त्यांच्यापर्यंत पोचायला रोख आणि धान्य याशिवाय वाट नाही. लॉकडाऊनमध्ये निपाणीच्या विडी कामगार बायकांचं काम बंद पडलं. हजारी विड्यांवर मजुरी, काम नाही तर पैसे नाहीत. त्यांना ना रेपोचा उपयोग ना कर्जहमीचा. त्यांना मिळालं ते रेशनवर माणशी पाच किलो जादा धान्य आणि जनधन खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे रुपये. शाखेबाहेर पांढऱ्या रंगाची वर्तुळं आखली होती, त्यांत उभं राहून बायका पाचशे रुपये काढायच्या. बहुतेकजणी बँकेतून सरळ किराणा दुकानात. कर्नाटक सरकारने ६ मे २०२० ला १,६१० कोटींचं पॅकेज दिलं, त्यात हातमाग विणकरांना दोन हजार आणि रिक्षावाले, न्हावी, परीट यांना पाच हजार रुपये होते. उद्योग खात्रीवर कर्नाटकात रोजची मजुरी २७५ रुपये होती. पुण्या-मुंबईहून परतलेली खानापूर तालुक्यातली पोरं तलावातला गाळ काढायला आणि कृषी होंडा, म्हणजे शेततळी, खोदायला गेली.

सरकारने सरळ पैसे का वाटले नाहीत, हा तुमचा प्रश्न इथे येतो. वाटले, पण फार थोडे. माझं मत स्पष्ट आहे: गरिबाच्या हातात दिलेला रुपया आठ दिवसांत बाजारात येतो, कंपनीला सोडलेला रुपया ताळेबंदात बसतो. पाचशेच्या जागी दोन हजार द्यायला हवे होते. मे २०२० मध्ये तर २० लाख कोटींचं पॅकेज येण्याच्या आठवडाभर आधी पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये उत्पादन शुल्क वाढवलं. जागतिक बाजारात तेल कोसळलं होतं म्हणून पंपावर ते जाणवलं नाही, पण लोकांच्या खिशात जे उरलं असतं ते उरलं नाही.

२० लाख कोटींमध्ये प्रत्यक्ष सरकारी खर्च थोडा आणि कर्ज व हमी जास्त होती. हमी वाईट नसते. तीन लाख कोटींच्या कर्जहमी योजनेने उद्यमबागेतली कितीतरी शेडं वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के जादा कर्ज, नवं तारण नाही, पूर्ण हमी केंद्राची. ४० लाखांवर ८ लाख. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के. पहिलं वर्ष फक्त व्याज, म्हणजे महिना सहा हजारांच्या आसपास. तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. तेराव्या महिन्यापासून तोच हप्ता साडेपंचवीस हजारांवर गेला, तीन वर्षं. २०२१ मध्ये ज्यांच्याकडे काम आलं त्यांना तो जाणवला नाही. ज्यांच्याकडे आलं नाही, त्यांचं मरण वर्षभर लांबलं आणि कर्ज आठ लाखांनी वाढलं. हप्ते पुढे ढकलण्याचंही तसंच. दहा टक्क्यांच्या दहा लाखांच्या कर्जावर सहा महिने हप्ता दिला नाही तर सुमारे पन्नास हजार व्याज मुद्दलाला चिकटतं. व्याजावरचं व्याज तेवढं दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना नंतर सरकारने परत दिलं. मूळ व्याज माफ झालेलं नव्हतं, पण अर्ध्या ग्राहकांचा समज तोच होता.

मग सरकार नोटा छापून का देत नाही, असंही लोक विचारतात. कायद्याने २००६ पासून, खास अपवाद सोडले तर, रिझर्व्ह बँक सरकारचे रोखे थेट घेऊ शकत नाही, बाजारातून घेऊ शकते. आणि जास्त पैसा सोडला, पण खत, डाळ, तेल तेवढंच राहिलं तर भाव चढतात. २००८ नंतर तेच झालं. केंद्राची वित्तीय तूट एका वर्षात देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेली, पाऊसही २००९ मध्ये दगा देऊन गेला, आणि वर्षाअखेरीस अन्नधान्याची घाऊक महागाई २० टक्क्यांच्या जवळ पोचली. मार्च २०१० पासून दीड वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो तेरा वेळा वाढवला. त्याच काळात बँकांना कर्जांची पुनर्रचना करायची सूट होती. आम्ही ती मुक्तहस्ताने वापरली. काही कारखाने खरोखर सावरले, काही फक्त कागदावर जिवंत राहिले, आणि ते सगळं मार्च २०१८ पर्यंत ११ टक्क्यांहून जास्त थकीत कर्जाच्या रूपाने वर आलं. मंदीतली सवलत वेळेवर सुरू करणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ती वेळेवर थांबवणं. दुसरं आपल्याला कधीच नीट जमलेलं नाही.

सीमाभागाची एक गोष्ट बंगळूरला बसून दिसणार नाही. राज्य सरकारने दिलेला पैसा राज्यातच फिरेल असं गृहीत धरलेलं असतं. पण निपाणीच्या बाईला कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. तिने तिथल्या दुकानात साडी घेतली की दुकानदाराची कमाई तिकडे आणि जीएसटीतला राज्याचा हिस्साही महाराष्ट्राचा. कागलचा माणूस इकडे डिझेल भरायला येतो तेव्हा उलटं होतं. म्हणून मंदीत राज्यं एकटी फार काही करू शकत नाहीत. त्यांना नोटा छापता येत नाहीत, कर्जाला केंद्राची मर्यादा असते. २०२० मध्ये ती राज्यातल्या एकूण उत्पन्नाच्या ३ वरून ५ टक्के केली, तीही अटी घालून. मोठा खर्च केंद्रानेच करायचा असतो, आणि तो राज्यांच्या हातून झाला तर लवकर खाली पोचतो.

राहिलं तुमचं कर्ज. ऑर्डर दिसत असेल आणि फक्त पेमेंट अडकलं असेल तर हमीचं कर्ज जरूर घ्या. ऑर्डरच नसेल तर घेऊ नका. एखादं मशीन विकून सौहार्दचं महाग कर्ज आधी कमी करा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर याच आठवड्यात करा, कारण यापुढचं प्रत्येक पॅकेज त्याच नंबरावर येणार. तुमच्या पार्टीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्स या बिल वटवणाऱ्या व्यासपीठावर नोंदणी बंधनकारक आहे. बिल तिथे वटलं की ९० दिवसांचा प्रश्नच उरत नाही. सूक्ष्म किंवा लघु कारखान्याचं बिल मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिलं नाही तर पार्टीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी प्राप्तिकरात धरता येतो, हेही तिच्या अकाउंटंटला एकदा आठवण करून द्या.

बँकेचं मंजुरीपत्र, मागच्या सहा महिन्यांची स्टॉक स्टेटमेंटं आणि कुठल्या पार्टीकडे किती दिवसांचं येणं आहे त्याची यादी काढून ठेवा. मंजुरीपत्रात व्याज रेपोला बांधलंय का आणि दर बदलायची तारीख कोणती, तेवढं लाल पेनाने खूण करा.